आई घसरगुंडीवर गेली तेव्हा

धुळ्याच्या अलीकडे, हायवेला लागून, नव्वदीच्या मध्यावर एक वॉटर पार्क निघालं होतं. तीन-चार उन्हाळे चाललं आणि बंद पडलं. आता तिथे गोडाऊन आहे की मंगल कार्यालय, मला माहीत नाही आणि जाऊन बघायचंही नाही. माझ्या डोक्यात ते जसं आहे तसंच राहू दे.

आम्ही असोद्याचे. घरची केळी. केळीवाल्याच्या घरात पाण्याला जेवढा मान तेवढा जावयालाही नसतो. मार्च उलटला की विहीर तळ दाखवायला लागायची, आणि मग तांब्यातलं उरलेलं पाणी कुणी अंगणात नुसतं भिरकावलं तरी आबा, म्हणजे माझे आजोबा, ओसरीवरून ओरडायचे, "कोन्या राजाची पोर हाये वं तू?" उरलेलं पाणी तुळशीत जायचं, नाहीतर बैलांच्या घमेल्यात. शेतात तेव्हा नुकतंच ठिबक बसवलं होतं आणि सुटीच्या दिवशी पाइपाचे वॉल फिरवायचं काम माझ्याकडे होतं. केळीच्या एका पट्ट्याचं पाणी झालं की दुसऱ्या पट्ट्याचा वॉल आधी उघडायचा आणि मगच पहिला बंद करायचा. उलटं केलं तर पाइप फुटलाच म्हणून समजा. दहाव्या वर्षी मला पाढे येत नव्हते, पण हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

त्या वर्षी भाऊंनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, कबूल केलं होतं की निकाल लागला की पोरांना वॉटर पार्कला नेईन. मी पास झाले. माझा धाकटा भाऊ सहा वर्षांचा होता, तो पास झाला की नाही हे कुणी विचारलंच नाही.

पण या सगळ्यात मला खरा धक्का बसला तो गच्चीवर. आई बिबड्या घालत होती. ज्वारीच्या पिठाचे ते पापड ओल्या धोतरावर थापत थापत, वर न बघता, हळूच म्हणाली, "मला पोहता येतं."

मी म्हटलं, "काय?"

"पोहता येतं मला. पांझरेत पोहायचे मी. डोहात वरून उडी मारायचे. माझे भाऊ काठावर उभे राहून बघत बसायचे, घाबरट लेकाचे."

आई धुळ्याकडची, पांझरेकाठच्या एका खेड्यातली. ते मला ठाऊक होतं. पण आई म्हणजे कपाळापर्यंत ओढलेला पदर, त्याखाली नाक, आणि सतत चालणारे दोन हात. त्या पदराखाली डोहात उडी मारणारी एक मुलगी बसली आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत राहिले. माझ्या हातातला पिठाचा गोळा उन्हात कडक झाला तरी मला कळलं नाही.

"मग इथे का नाही पोहत?"

"इथे कुठे नदी?" ती म्हणाली. मग पुढची बिबडी थापता थापता म्हणाली, "आणि असती तरी."

शेजारची कॉलेजला जाणारी ताई त्या पार्कला जाऊन आली होती. तिनं सांगितलं, घसरगुंडीवर साडीवालीला सोडत नाहीत, पंजाबी ड्रेस लागतो. दुसऱ्या दिवशी तिचाच एक लिंबू रंगाचा ड्रेस आमच्या घरात आला, वर्तमानपत्रात गुंडाळून, चोरीचा माल आणावा तसा. आईनं तो कोठीच्या खोलीत, आतून कडी लावून, एकदा घालून पाहिला. मी आत राखणीला. ती इतकी बारीक असेल असं मला वाटलंच नव्हतं. वळून वळून स्वतःच्या पायांकडे बघत होती आणि हसू दाबत होती. मग पटकन काढून घडी घालून पिशवीच्या तळाशी ठेवला. "कुणाला बोलायचं नाही हं," म्हणाली. मी कशाला बोलते? मला तर ती कधी एकदा त्या घसरगुंडीवरून येते असं झालं होतं. माझ्या वर्गातल्या एकीच्याही आईला पोहता येत नव्हतं.

आणि जायच्या आदल्या दिवशी जेवताना आबा म्हणाले, "मी बी येतो. तिथी समुद्र हाये म्हनता. मले पाहाचा."

आईचा वाढता हात मधेच थांबला. मग तिनं भाजी वाढली आणि आत गेली. झालं. कल्याण!

नवीन माणसाला सांगायला हवं, की आबा काही दुष्ट नव्हते. पण आमच्याकडे सून सासऱ्यासमोर पदर तोंडावर ओढल्याशिवाय येत नसे आणि सासरा सुनेशी थेट बोलत नसे. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. आईला दोन हातांवरून चहा मागायचा तरी आबा मला सांगायचे, "सुनेले म्हना, चहा टाक." आणि मी मधे उभी राहून म्हणायचे, "आई, चहा टाक म्हणतात." ती ऐकतच असायची. तरी मी सांगायचंच. अशा माणसासमोर ती लिंबू रंगाचा ड्रेस घालणार? मी आबांवर इतकी चिडले की त्या दिवशी त्यांची काठी मुद्दाम दाराआड लपवून ठेवली.

सकाळच्या एसटीनं निघालो. एरंडोल येईपर्यंत खिडकीचे पत्रे हात लावू देईनात. ऊन लागू नये म्हणून आईनं प्रत्येकाच्या खिशात एकेक कांदा घातला होता. धाकट्यानं पारोळ्याच्या आत आपला कांदा खाऊन टाकला आणि मग सगळ्या गाडीला त्याचा वास देत बसला. बाहेर शेतं नुसती तव्यासारखी. ड्रायव्हरसुद्धा ओला पंचा डोक्यावर घेऊन गाडी हाकत होता.

पार्कच्या दारात बाहेरचं खाणं न्यायला मनाई होती. भाऊंनी भाकऱ्यांची पिशवी आबांच्या हातात दिली. म्हाताऱ्याची पिशवी तपासायची कुणाची छाती होते? आबा असे काही रोखून बघत आत शिरले की दारावरच्या माणसानं त्यांना नमस्कारच केला.

आणि आत पाणी होतं.

मी कसं सांगू? बाहेर चव्वेचाळीस अंशांत रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं, आणि भिंतीच्या आत पाणी पडत होतं, उडत होतं, वाहत होतं, निळं दिसत होतं. निळं! आमच्या विहिरीचं पाणी काळं असायचं आणि पाटाचं मातकट. मला तर रडूच फुटलं. आनंदानं की भीतीनं, मला तेव्हाही कळलं नाही. भाऊ कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि पुटपुटले, "किती हॉर्सपॉवरची मोटर असेल रे बाप्पा!"

मग भोंगा वाजला आणि मोठ्या हौदात लाटा सुरू झाल्या. लोक आरडाओरडा करत पाण्यात धावले. आबांनी काठावर जोडे काढले. उपरणं सावरलं. लाट येऊन त्यांच्या पायांवर फुटली, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलं, तरी ते हलले नाहीत. खाली वाकले, बोटं बुडवून डोळ्यांना लावली, मग एक थेंब जिभेवर ठेवला.

"खारं नाही," म्हणाले. "औषध मारेल दिसते." आणि मग, अगदी हळू, कुणाला नव्हे, पाण्यालाच म्हणाले, "मानसानं समुद्र केला रे भो."

आयुष्यभर ज्यांना मी पाण्यावरून फक्त ओरडताना पाहिलं, त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं. माझा राग तिथेच अर्धा उतरला. अर्धाच.

बाकीचा अर्धा उतरेना, कारण आई बाकावर बसली होती. पदर कपाळावर, मांडीवर सगळ्यांचे कपडे, पायाशी सगळ्यांच्या चपला. भाऊ हाफ पँटवर धाकट्याला खांद्यावर घेऊन डुंबत होते. मी तीन मजली उंच घसरगुंडीवरून चार वेळा आले. दर वेळी पाण्यातून डोकं वर काढलं की पहिलं तिच्याकडे बघायचे. ती हात हलवायची. मी खुणेनं बोलवायचे. ती डोळ्यांनी आबांकडे दाखवायची.

दुपारी कडुलिंबाच्या सावलीत बसून भाकरी, ठेचा आणि कैरी खाल्ली. आबा तिथेच प्लॅस्टिकच्या खुर्चीत मान टाकून घोरायला लागले. शेजारी लहान पोरांचा उथळ हौद होता, त्यावर पत्र्याची मोठी छत्री होती, पण ती कोरडीच होती. मी आईच्या कानाशी लागले, "आता चल ना. झोपलेत ते."

"जागे झाले तर?"

"नाही होत."

"लोक काय म्हणतील गं? राहू दे. तू जा, खेळ."

मग माझा तोल गेला. माझा तोल जायला तसंही फार काही लागायचं नाही. म्हटलं, "तू खोटारडी आहेस. तुला पोहता येतच नाही. पांझरा नाही न् फांझरा नाही. भित्री भागूबाई!"

आई नुसती बघत राहिली. त्या बघण्यापेक्षा तिनं थोबाडीत दिली असती तर परवडलं असतं. मी पाय आपटत तिथून निघाले ती थेट घसरगुंडीच्या मागच्या बाजूला, जिथे कुणी येत नव्हतं.

तिथे पत्र्याची एक शेड होती, दार सताड उघडं. आत मोटर घूं घूं करत होती, माणूस जेवायला गेला असावा. आणि दोन जाडजूड पाइपांवर दोन मोठाले वॉल. बाहेर डोकावून पाहिलं तर घसरगुंडीचं शेवटचं टोक तेवढं दिसत होतं. जेवणाची वेळ, त्यामुळे कुणीच येत नव्हतं, आणि त्यावरून पाणी आपलं धो धो, धो धो, फुकट वाहत होतं. मी थोडा वेळ पाहिलं. मग मला राहवेना. रागात होतेच, त्यात डोळ्यांसमोर एवढं पाणी वाया! आमच्याकडे एवढ्यात केळीचे चार पट्टे भिजले असते. कुणालाच कशी काळजी नाही? मी पुढे झाले आणि शिकवल्याप्रमाणे, अगदी शहाण्या पोरीसारखं, आधी दुसरा वॉल उघडला, मग पहिला दोन्ही हातांनी फिरवून फिरवून बंद केला.

घसरगुंडीचं पाणी बारीक झालं, थेंब थेंब झालं आणि थांबलं. त्याच वेळी पलीकडून पोरांची अशी किंकाळी उठली की मी बाहेर पळाले.

ती कोरडी छत्री सुरू झाली होती. तिच्या सगळ्या कडांनी पाणी कोसळत होतं आणि पोरं वेड्यासारखी त्याखाली नाचत होती. मी केलं होतं हे! माझ्या दोन हातांनी! मी तर तिथेच उभी राहून बघायला लागले. पण वाऱ्यानं त्या पाण्याची एक झड लिंबाखाली गेली आणि आबांच्या तोंडावर बसली. आबा "कोन हाये रे!" करत उठले. आणि त्यांना दिसलं की सगळे लोक वर बघताहेत. म्हणून त्यांनीही वर पाहिलं. मीही पाहिलं.

घसरगुंडीच्या दुसऱ्या वळणावर, चांगलं दोन मजले उंच, कोरड्या पन्हाळीत एक बाई अडकून बसली होती. लिंबू रंगाचा ड्रेस. केस मोकळे, ओले, पाठभर.

मी बोललेलं तिला लागलं होतं, आणि मी तोंड फिरवताच ती कपडे बदलून एकटी वर चढली होती. अकरा वर्षांनी एकदा ती निघाली, आणि मी, तिच्या सख्ख्या पोरीनं, तिचं पाणी तोडलं. तेही सगळ्या जगासमोर. तेही आबांसमोर.

"बाई, तशाच मागे सरकत वर जा! जिन्यानं उतरा!" खालून शिट्टीवाला ओरडत होता.

आईनं वरून दोन्ही हात पन्हाळीच्या कडांना घट्ट धरले आणि ओरडली. तिचा एवढा मोठा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. "मी नही उतरस जिनावरथून! पानी सोडा! आठे बठ्ठं तापी गयं शे!"

इथे सगळं तापलंय, असं ती तिच्या माहेरच्या बोलीत सांगत होती. लोक हसले. मला शरमेनं मरावंसं वाटलं. आबांनी डोळ्यांवर हात धरून नीट वर पाहिलं आणि मला विचारलं, "कोनाची पोर वं ती?"

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा नव्हती. त्यांना खरंच कळलं नव्हतं. अकरा वर्षं त्यांच्या हातात चहा देणारी बाई, आणि त्यांनी तिचा चेहराच पाहिला नव्हता. आवाजही ऐकला नव्हता.

"बोलनं धुयाकडचं दिसते," आबा म्हणाले. "हिंमतीची हाये. पन भाजून जाईन ना पोर! पानी काऊन बंद केलं यायनं? सोडा रे पानी!"

तेवढ्यात भाऊ धाकट्याला काखेत मारून धावत आले. आधी घसरगुंडीकडे पाहिलं, मग सुरू झालेल्या छत्रीकडे, मग माझ्याकडे. एक बंद करताना दुसरा उघडायची अक्कल त्या पार्कात दुसऱ्या कुणाला असणार? "वॉल?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "पळ!" म्हणाले.

मी पळाले. आधी बंद केलेला उघडला, मग छत्रीचा आवळला. वॉल ओला, सटकत होता. आत काही दिसेना. नुसता ऐकू आला पाण्याचा लोट वर चढल्याचा आवाज, मग आईची एक लांबलचक "माय वंऽऽ!" आणि मग धप्पकन.

मी बाहेर येईपर्यंत पाण्यावर कुणीच नव्हतं. एक क्षण, दोन क्षण. मग पार मधे तिचं डोकं वर आलं आणि ती पोहायला लागली. हात उचलून पुढे टाकत, मान एका बाजूला वळवत, अजिबात आवाज न करता ती हौदाच्या या काठापासून त्या काठापर्यंत गेली आणि भिंतीला पाय मारून परत फिरली. बाकीचे सगळे पाण्यात नुसते डुंबत होते, म्हशींसारखे. पोहत होती ती एकटीच. लोक बाजूला झाले. ही मला वेणी घालते? ही माझ्या डब्यात भाजी-पोळी भरते?

"पाह्य! पाह्य!" आबा खुर्चीतून अर्धे उठले होते. "काय पोहते वं माय! कोनाची हाये रे ही?"

भाऊ त्यांच्या शेजारी उभे होते. मान खाली घालून म्हणाले, "आपलीच हाये, आबा."

"आपली कोन?"

भाऊंनी आईचं नाव आबांसमोर कधी घेतलं नव्हतं. तेव्हाही घेतलं नाही. "पोरायची आई."

तिकडे आई काठाशी आली, केस मागे सारून वर पाहिलं, आणि आबांची नजर तिच्यावरच होती. तिचा हात पदर ओढायला डोक्याकडे गेला. तिथे पदर नव्हता. हात तसाच डोक्यावर राहिला आणि ती हळूहळू हनुवटीपर्यंत पाण्यात बसली. इतका वेळ तोंडावर असलेलं हसू निघून गेलं. मला आबांचा हात धरून त्यांना तिथून ओढून न्यावंसं वाटलं.

आबा उठले. खुर्ची उचलली. आता काठी घेऊन दाराकडे चालायला लागणार आणि आमचा दिवस संपणार, असं मी धरूनच चालले होते. पण त्यांनी ती खुर्ची चार पावलं पलीकडे नेली, हौदाकडे पाठ करून मांडली आणि हायवेच्या भिंतीकडे तोंड करून बसले. तिथे सावली नव्हती. उपरणं डोक्यावर घेतलं आणि मला हाक मारली.

"सुनेले म्हना," ते भिंतीकडे बघत म्हणाले, "मी इकडे पाहातो. तू खेय."

मी काठावर गेले आणि म्हटलं, "आई, खेळ म्हणतात." या वेळी तिनं खरंच ऐकलं नव्हतं. मला दोनदा सांगावं लागलं.

ती किती तरी वेळ त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. मग पाण्यातून निघाली आणि जिन्याकडे गेली. मी आबांच्या खुर्चीशी, त्यांच्यासारखीच भिंतीकडे तोंड करून उभी राहिले, पण मान मागे वळवून. भिंतीच्या वरून ट्रकचे टप तेवढे जाताना दिसत होते.

मागे धप्पकन आवाज आला.

"आली का खाली?" आबांनी विचारलं.

"आली."

"नाकातोंडात पानी नाही ना गेलं?"

"नाही. हसतेय."

आबांनी उपरण्यानं मानेवरचा घाम पुसला.

"परत गेली?"

"गेली, आबा."

"जाऊ दे," आबा म्हणाले. "गाडीले टाइम हाये."